बाण लागल्यावर तो असा का कोसळतो? धनुष्यबाणाच्या गमतीदार गेममागचं भौतिकशास्त्र

दोन काडीमाणसं समोरासमोर उभी असतात, दोघांच्या हातात धनुष्य. पडद्यावर बोट टेकवून मागे ओढलं की दोरी ताणली जाते आणि बोट उचललं की बाण सुटतो. समोरच्याच्या गुडघ्यात घुसला तर तो तोंडघशी पडतो. डोक्याला लागला तर पाय वर करून उताणा होतो. कधी कधी हात गरागरा फिरवत, डुगडुगत, शेवटी आपल्याच फळीवरून खाली घसरतो. मुलं हसून हसून लोळतात. शेजारी बसलेल्या मोठ्या माणसांना दोन प्रश्न पडतात: यात एवढं हसण्यासारखं काय आहे, आणि हा गडी दर वेळी नव्याच तऱ्हेने कसा पडतो?

‘रॅगडॉल आर्चर्स’, ‘बोमास्टर्स’ आणि त्यांच्यासारखे बरेच गेम सध्या फोनवर आणि ब्राउझरमध्ये खेळले जातात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पहिल्याचं आपोआप मिळतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू. ते पडणं कोणीही चित्रकाराने काढलेलं नसतं. कम्प्युटर ते त्या क्षणी गणिताने काढतो. माणूस म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्यापुढे काही बिंदू असतात, त्यांना जोडणाऱ्या काड्या असतात आणि चार-दोन नियम असतात. ते नियम तो प्रामाणिकपणे पाळतो आणि त्यातूनच हे सगळे विनोद घडतात.

आधी बाणाचं पाहू

सुटलेल्या बाणाला दोन गोष्टी ठाऊक असतात: आपण कुठे आहोत आणि कुठल्या दिशेने किती वेगाने चाललो आहोत. आडवा वेग हवेच्या विरोधाखेरीज दुसरं कोणी कमी करत नाही. उभा वेग मात्र गुरुत्वाकर्षण सतत खात असतं, दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका. या दोन्हींच्या मेळातून जी कमान तयार होते तिला परवलय म्हणतात. फेकलेल्या वस्तूचा मार्ग असा असतो हे गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं. गेममधला बाण आजही त्याच मार्गाने जातो.

यातून खेळणाऱ्याच्या थेट कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली गोष्ट ओढीची. अशा गेममध्ये बोट जितकं मागे ओढाल तितका बाणाचा वेग साधारण त्याच प्रमाणात वाढतो. पल्ला मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्धंच ओढलं तर बाण अर्ध्या अंतरावर पडत नाही, पाव अंतरावर पडतो. ८० टक्के ओढलं तर पल्ला ६४ टक्के. नवा खेळाडू ‘जरासंच जास्त ओढलं’ म्हणतो आणि बाण समोरच्याच्या डोक्यावरून कुठल्या कुठे जातो, त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट कोनाची. समोरचा आपल्याच उंचीवर उभा असेल तर तेवढ्याच ओढीने त्याच्यापर्यंत पोचायचे दोन मार्ग असतात, एक बसका आणि एक उंच. ३० अंशांनी मारलेला बाण जिथे पडतो तिथेच ६० अंशांनी मारलेलाही पडतो. फरक वेळेचा. उंच बाणाला सुमारे पावणेदोनपट वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात समोरचा आपला बाण सोडून मोकळा होतो. पण मध्ये ढाल किंवा भिंत असेल तर तोच उंच बाण उपयोगी पडतो. गुरुत्वाकर्षण किती ठेवायचं हे मात्र गेम बनवणाऱ्याच्या हातात असतं. बाणाचा वेगही तो मुद्दाम कमी ठेवतो, नाहीतर बाण डोळ्यांना दिसलाच नसता.

कम्प्युटरचा वेळ टप्प्याटप्प्याने चालतो

खऱ्या जगात वेळ अखंड वाहतो. कम्प्युटरला ते जमत नाही. तो वेळेचे बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी सगळ्या वस्तू थोड्या थोड्या सरकवतो. बहुतेक गेममध्ये असे तुकडे सेकंदाला ६० असतात. त्यांना आपण टप्पे म्हणू. हे सगळं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या भागाला फिजिक्स इंजिन म्हणतात.

हे कागदावरही करून पाहता येतं. समजा बाणाचा आडवा वेग २० आहे, उभा १०, आणि सोय म्हणून गुरुत्वाकर्षणही १० धरलं. टप्पा एक दशांश सेकंदाचा. पहिल्या टप्प्यात उभा वेग १० वरून ९ झाला, बाण २ मीटर पुढे आणि ०.९ मीटर वर गेला. दुसऱ्यात उभा वेग ८, बाण ४ मीटर पुढे आणि १.७ मीटर वर. तिसऱ्यात वेग ७, बाण ६ मीटर पुढे आणि २.४ मीटर वर. बस, एवढंच. बेरीज आणि गुणाकार येणारं कोणीही हे करू शकतं. कम्प्युटर तेच करतो, फक्त न थकता.

आता शाळेतल्या सूत्राने ताडून पाहा. ०.३ सेकंदाला बाण २.५५ मीटर उंचीवर असायला हवा होता. आपल्या हिशेबात तो २.४ वर आहे, म्हणजे १५ सेंटिमीटर खाली. ही चूक टप्पा मोठा घेतल्यामुळे आली. टप्पा सेकंदाच्या साठाव्या भागाचा केला तर तीच चूक अडीच सेंटिमीटरवर येते. गेममधलं जग हे असं कायम थोडं चुकलेलं जग असतं. ती चूक खेळणाऱ्याला जाणवू नये इतकी लहान ठेवणं हेच गेम बनवणाऱ्याचं खरं कसब आहे, असं मला वाटतं.

बाण डोक्यातून आरपार, तरी जखम नाही

या तुकड्यातुकड्याच्या वेळेतून एक विचित्र अडचण उभी राहते. खऱ्या स्पर्धेतला बाण सेकंदाला साधारण ६० मीटर जातो. सेकंदाचे ६० टप्पे केले तर एका टप्प्यात बाण एक मीटर पुढे सरकतो. माणसाचं डोकं पुढून मागे मोजलं तर जेमतेम २० सेंटिमीटर. एका टप्प्यात बाणाचं टोक डोक्याच्या अर्धा मीटर अलीकडे असतं आणि पुढच्या टप्प्यात अर्धा मीटर पलीकडे. दोन्ही वेळा कम्प्युटरने विचारलं, ‘टोक डोक्याच्या आत आहे का?’ उत्तर दोन्ही वेळा ‘नाही’. बाण डोक्यातून गेला आणि कोणाला पत्ताही लागला नाही.

त्यामुळे चांगल्या गेममध्ये ‘आत्ता टोक कुठे आहे’ एवढंच विचारून भागत नाही. मागच्या जागेपासून आत्ताच्या जागेपर्यंत एक सरळ रेघ ओढतात आणि ती रेघ कुठे अडते ते पाहतात. एखाद्या घाईने बनवलेल्या गेममध्ये ‘लागला होता की!’ म्हणून मूल तक्रार करतं तेव्हा त्याचं म्हणणं बहुधा खरं असतं. ही रेघ ओढायची राहून गेलेली असते.

काड्या, सांधे आणि चिंध्यांची बाहुली

आता पडण्याकडे येऊ. जुन्या गेममधली पात्रं पिंगुळीच्या ठाकर कलाकारांच्या कळसूत्री बाहुल्यांसारखी होती. बाहुली कशी चालेल, कशी लढेल, कशी मरेल हे सगळं सूत्रधाराने आधीच बसवलेलं. गेममध्ये हे बसवणं ॲनिमेटर करायचा. शत्रूला कुठेही मारा, पायाला किंवा छातीला, तो त्याच ठरलेल्या पद्धतीने छाती धरून खाली बसायचा. भिंतीजवळ मेला तर त्याचा अर्धा देह भिंतीत घुसलेला दिसायचा, कारण भिंतीची खबर त्या ॲनिमेशनला नव्हती. सूत्रधाराने सगळ्या दोऱ्या एकदम सोडून दिल्या तर बाहुली जशी कोसळेल तसं पात्र कोसळू द्यायचं, याला रॅगडॉल म्हणतात, म्हणजे चिंध्यांची बाहुली. तिला बसवलेल्या हालचाली नसतात. वजन असतं, सांधे असतात, जमीन असते.

हे करण्याची एक अतिशय देखणी पद्धत थॉमस याकोबसेन यांनी डेन्मार्कच्या आयओ इंटरॲक्टिव्ह कंपनीच्या ‘हिटमॅन: कोडनेम ४७’ या २००० सालच्या गेमसाठी वापरली आणि पुढच्या वर्षी गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत सविस्तर मांडली. ती कुणालाही समजण्यासारखी आहे.

शरीर म्हणजे काही बिंदू: डोकं, खांदे, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा. प्रत्येक बिंदूची आत्ताची जागा आणि मागच्या टप्प्यातली जागा लक्षात ठेवायची. या दोन जागांमधला फरक म्हणजेच त्याचा वेग, तो वेगळा लिहून ठेवायची गरज नाही. पुढच्या टप्प्यात तेवढाच फरक पुन्हा जोडायचा आणि थोडं गुरुत्वाकर्षण मिसळायचं. बिंदू बाणांसारखेच उडू लागतात.

पण मग हात खांद्यापासून सुटून जाईल. त्यासाठी काड्या. कोपर आणि मनगट यांच्यात ३० सेंटिमीटरच अंतर हवं, हा नियम. टप्प्याच्या शेवटी ते ३४ निघालं तर दोघांनाही २-२ सेंटिमीटर आत ओढायचं. झालं ३०. पण कोपर सरकलं म्हणून आता खांदा ते कोपर ही काडी बिघडली. ती दुरुस्त करायची. ती केली की मनगटाची पुन्हा थोडी बिघडते, पण पहिल्यापेक्षा कमी. असं सगळ्या काड्यांवरून फिरत राहायचं. प्रत्येक फेरीत एकूण बिघाड घटत जातो.

किती फेऱ्या करायच्या? पूर्ण दुरुस्त होईपर्यंत थांबलो तर गेम अडखळेल. म्हणून ठरावीक फेऱ्यांनंतर ‘चालेल एवढं’ म्हणून पुढे जायचं. जी दुरुस्ती राहिली ती आपल्याला रबरासारखे ताणलेले हातपाय म्हणून दिसते. कोपर एकाच बाजूला वाकतं हा नियम वेगळा घालावा लागतो. तो सैल ठेवला की हात उलटा दुमडतो. अशा गेममध्ये आपण ज्याला हसतो ते बहुतांशी इथून येतं. शरीराचं गणित जवळजवळ बरोबर असतं. पूर्ण बरोबर असतं तर ते पाहवलं नसतं आणि पूर्ण चुकीचं असतं तर त्यात माणूस दिसला नसता.

गुडघ्याला लागल्यावर तोंडघशी आणि डोक्याला लागल्यावर उताणा, हेही कोणी शिकवलेलं नाही. समोरून आलेला बाण गुडघ्याचा बिंदू मागे ढकलतो, वरचं शरीर होतं तिथेच राहतं, पाय खालून सरकतात, पुढे पडणं आपोआप येतं. डोकं मागे ढकललं तर नेमकं उलट.

मग तो मुळात उभा कसा?

चिंध्यांची बाहुली उभी राहू शकत नाही. खऱ्या माणसालाही उभं राहायला स्नायू सतत काम करत ठेवावे लागतात. म्हणून गेममध्ये सांध्यांना अदृश्य मोटारी बसवतात. प्रत्येक सांधा ‘मला या कोनात परत जायचंय’ म्हणून जोर लावत राहतो. शिवाय छाती किंवा कंबर वरच्या बाजूला खेचणारा एक हलका आधार असतो. बाण लागला की मोटारी क्षणभर हरतात, मग पुन्हा सावरू पाहतात. त्यातूनच ते डुगडुगणं येतं. पात्र मेलं की मोटारी बंद. ‘मरण’ याचा या गेममध्ये तांत्रिक अर्थ एवढाच असतो.

सांध्यांवरचा हा ताबा थेट खेळणाऱ्याच्या हातात दिला तर काय होतं, हे २००८ साली बेनेट फॉडी यांच्या ‘क्वॉप’ने दाखवलं. त्यात चार कळांनी धावपटूच्या मांड्या आणि पोटऱ्या हलवायच्या असतात आणि बहुतेकांना चार पावलंही टाकता येत नाहीत. स्वतः चालणं ही किती अवघड गोष्ट आपण न कळत करत असतो, हे तो गेम दोन मिनिटांत पटवतो.

हे सगळं आज एकट्या मुलालाही घरबसल्या बनवता येतं याचं मोठं श्रेय मोफत साधनांना आहे. एरिन कॅटो यांनी ‘बॉक्स२डी’ हे फिजिक्स इंजिन २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. २००९ सालचा ‘अँग्री बर्ड्‌स’ त्यावरच चालला.

‘बाण लागून माणूस खरंच एवढा उडतो का?’

नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. धक्का किती बसेल हे वस्तुमान गुणिले वेग यावर ठरतं. त्याला संवेग म्हणतात. २० ग्रॅमचा बाण सेकंदाला ६० मीटरने आला तर त्याचा संवेग १.२ येतो. तो सगळा ६० किलोच्या माणसाने घेतला तरी माणूस सेकंदाला जेमतेम २ सेंटिमीटर वेगाने मागे सरकेल. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा संवेग याच्या पाचपट असतो आणि तो अंगावर बसूनही फलंदाज हवेत उडत नाही. बाण घातक असतो तो त्याच्या टोकामुळे. सगळी शक्ती एका बारीक जागेवर पडते आणि तो आत शिरतो. गेम बनवणारे धक्का कित्येक पटींनी वाढवतात, कारण खरा धक्का दाखवला तर पडद्यावर काहीच हललेलं दिसणार नाही.

बाणाच्या बाबतीतही काटछाट असते. खरा बाण सुटताना सरळ राहत नाही. तो धनुष्याला वळसा घालत डावी-उजवीकडे लवतो आणि मग सावरतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने याचं चित्रीकरण केलं. गेममधला बाण ताठ काठी असतो. खऱ्या बाणाचं शेपूट त्याच्या पिसांवर येणाऱ्या हवेमुळे मागे राहतं. गेममध्ये हवाच नसते म्हटलं तरी चालेल, त्यामुळे ‘ज्या दिशेने वेग, त्या दिशेला टोक वळव’ अशी सरळ आज्ञा दिलेली असते.

‘दर वेळी वेगळा पडतो, म्हणजे सगळा नशिबाचा खेळ?’

इथे गणितात फासा कुठेच नाही. अगदी तीच ओढ, तोच कोन, तीच वेळ साधली, आणि गेमने टप्पे एकसारखे ठेवले, तर पडणंही शेवटच्या बोटापर्यंत तेच होईल. पण आपलं बोट पडद्यावर केसभर इकडेतिकडे होतंच. एकमेकांना जोडलेल्या काड्यांच्या रचनेत हा केसभर फरक क्षणाक्षणाला वाढत जातो आणि दोन सेकंदांनंतर एक पडणं दुसऱ्यासारखं राहत नाही. बाणाच्या मार्गात मात्र हा फरक असा फुगत नाही. म्हणून नेम सरावाने पक्का होतो, पण समोरचा कसा कोसळेल हे कसलेल्या खेळाडूलाही आधी सांगता येत नाही. एकाच गेममध्ये या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी असाव्यात, हे मला त्याचं सर्वांत मोठं सौंदर्य वाटतं.

‘हे खेळून खरी तिरंदाजी येईल का?’

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात, म्हणजे टोकांना कप्प्या बसवलेल्या धनुष्याच्या प्रकारात, वैयक्तिक सुवर्णपदकं मिळवली. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. कंपाउंडचं लक्ष्य ५० मीटरवर असतं आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. रिकर्व्ह प्रकारात, म्हणजे ऑलिंपिकमधल्या साध्या धनुष्यात, लक्ष्य ७० मीटरवर. सेकंदाला ६० मीटरने निघालेला बाण तिथे पोचेपर्यंत सरळ रेषेपेक्षा जवळपास पावणेसात मीटर खाली येतो, म्हणजे दोन मजल्यांहून जास्त. धनुर्धर तो साडेपाच अंश वर सोडतो, तेव्हा तो मधोमध बसतो.

हा हिशेब गेममध्ये आणि मैदानात एकच आहे. पण मैदानातला धनुर्धर तो हिशेब धनुष्यावरच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणेत, एकदा बसवून टाकतो. त्याची पुढची सगळी मेहनत शंभर वेळा तंतोतंत तसंच उभं राहण्यासाठी, तशीच दोरी ओढण्यासाठी आणि बोटं न हलवता ती सोडण्यासाठी असते. खांदा, पाठ, श्वास यांतलं काहीही फोनच्या काचेवर शिकता येत नाही. ज्या मुलाला गेममुळे गोडी लागली त्याला मैदानावर न्यावं.

‘माणसाला बाण मारून हसायचं, हे बरं आहे का?’

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. काडीमाणसाच्या कोलमडण्यावर मूल हसतं ते शरीराच्या फजितीवर. केळीच्या सालीवरून घसरणाऱ्यावर माणसं हसतात, त्याच जातीचं ते हसू आहे. पण काही गेममध्ये शेवटचा वार म्हणून रक्ताच्या चिळकांड्या आणि तुटलेलं शरीर दाखवणारी खास ॲनिमेशन्स असतात. तिथे पडणं गणितातून आलेलं नसतं, धक्का बसावा म्हणून मुद्दाम काढलेलं असतं. लहान मुलांच्या हातात मी असे गेम देणार नाही. पालकांनी स्वतः दहा मिनिटं खेळून पाहिलं की फरक लगेच कळतो.

गमतीतल्या गणिताची गंभीर भावंडं

मागची जागा आणि आत्ताची जागा यांवरून पुढची जागा काढायची ही युक्ती गेमसाठी जन्मली नाही. फ्रान्सचे भौतिकशास्त्रज्ञ लू व्हर्ले यांनी १९६७ मध्ये ८६४ कणांचं मॉडेल कम्प्युटरवर हलवून द्रवरूप आरगॉन कसा वागतो ते तपासलं, तेव्हा हीच पद्धत वापरली होती. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. प्रथिनांचे रेणू कसे दुमडतात हे पाहणाऱ्या प्रयोगशाळांत आजही तिच्याच घराण्यातल्या पद्धती वापरतात.

रोबोंना चालायला शिकवतानाही आधी असंच गणिती जग उभं करतात, कारण त्यात रोबो लाख वेळा पडला तरी काही मोडत नाही. पण त्या जगातली प्रत्येक लहान चूक इथे महाग पडते. १९९४ मध्ये कार्ल सिम्स यांनी कम्प्युटरमध्ये ठोकळ्यांचे प्राणी उत्क्रांत केले, तेव्हा गणितात कुठे फट राहिली असेल तर ते प्राणी ती हमखास शोधून काढायचे आणि तिचा फायदा उठवून पुढे सरकायचे. गेममध्ये अशी फट म्हणजे हसण्याची जागा. रोबोच्या बाबतीत ती फट म्हणजे पडद्यावर धावणारं यंत्र खऱ्या जमिनीवर आल्यावर पहिल्याच पावलाला आडवं होण्याचं कारण.

घरी तपासून पाहायचं असेल तर

ज्या गेममध्ये नेम धरताना कोन आणि जोर आकड्यांत दिसतात असा एखादा निवडा. जोर पूर्ण ठेवा, फक्त कोन बदला. समोरचा आपल्याच उंचीवर असेल तेव्हा कुठल्या बसक्या कोनाने लागतो ते लिहून ठेवा आणि मग उंच कोन शोधा. दोन्हींची बेरीज ९० च्या आसपास येईल. मग समोरचा उंच फळीवर असलेली पातळी घ्या. तो नजरेच्या रेषेत जितके अंश वर असेल तितक्याने ही बेरीज वाढते. १० अंश वर असेल तर १००, आणि तेवढाच खाली असेल तर ८०. बेरीज सातत्याने कमी-जास्त येऊ लागली तर समजा, या गेम बनवणाऱ्याने बाणाला हवेचा विरोधही लावलेला आहे.